मर्लच्या वहीतले रिकामे गोल

मर्ल हॅवलिकने एकतीस वर्षं शाळेची पिवळी बस चालवली आणि एवढ्या वर्षांत त्या बसला साधा ओरखडाही आला नाही. आयोवातल्या आमच्या गावात ही गोष्ट ज्याला ठाऊक नाही असा माणूस मिळणं कठीण, कारण मर्लने ती प्रत्येकाला निदान दोनदा ऐकवलेली आहे. निवृत्त झाला तेव्हा शाळेने त्याला एक लाकडी सन्मानपाटी दिली. ती त्याने बैठकीच्या खोलीत लावली, लग्नाच्या फोटोच्या वीतभर वर. त्याची बायको आर्डिस पाहुण्यांना तो फोटो मुद्दाम हात खाली करून दाखवते.

मर्लचं दुसरं वेड म्हणजे बेसबॉल. मोठ्या संघाचं एकही मैदान आयोवात नाही, त्यामुळे हे वेड ज्याला लागलं त्याला गाडी काढावीच लागते. मर्लने तरुणपणीच ठरवून टाकलं होतं की देशातली तीसच्या तीस मैदानं पाहायची, आणि तीही जमिनीवरून जाऊन. विमानाने जाणं म्हणजे त्याच्या लेखी फसवणूक. दर उन्हाळ्यात एखादं, कधी दोन, असं करत तेवीस झाली होती. मुलगी ट्रीना लहान असताना मागच्या सीटवर झोपून त्यातली निम्मी मैदानं पाहून आली. उरलेली सात पश्चिमेकडे होती, आणि या जूनमध्ये ती एका दमात उरकायची असा बेत होता.

बेत असा की मर्ल आणि आर्डिस दोघं व्हॅनने डेनव्हरपर्यंत जातील. तिथे ट्रीना आपल्या जुळ्या मुलींना, डेला आणि रूथीला, विमानाने घेऊन येईल, एक सामना त्यांच्यासोबत पाहील आणि परत जाईल. ती नर्स आहे, तिला एवढीच सुट्टी मिळाली होती. पुढचे तीन आठवडे आठ वर्षांच्या त्या दोन पोरी आजी-आजोबांबरोबर व्हॅनमध्ये, थेट सिएटलपर्यंत. पोरींनी मार्चपासून कॅलेंडरवर फुल्या मारायला घेतल्या होत्या.

आता मर्लच्या वहीबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्या वहीतच घडलं. मर्ल सामना नुसता पाहत नाही, लिहितो. प्रत्येक फलंदाजाची एक चौकट, त्यात पेन्सिलीने खुणा. चेंडू कोणाकडे गेला, कोणी कोणाकडे फेकला, कसा बाद झाला. हे त्याला वडिलांनी शिकवलं आणि सोबत एक नियमही दिला: डोळ्यांनी पाहिलं तेवढंच लिहायचं. हॉट डॉग आणायला गेलात आणि तेवढ्यात काही घडलं तर शेजाऱ्याला विचारून चौकट भरायची नाही. तिथे एक रिकामा गोल काढायचा. गोल म्हणजे मी पाहिलं नाही. चाळीस वर्षांच्या वह्यांमध्ये असे अकरा गोल होते आणि प्रत्येकाचं कारण मर्लला तोंडपाठ होतं. मिलवॉकीतला गोल ट्रीनाच्या उलटीचा, सिनसिनाटीतला आर्डिसच्या हरवलेल्या पर्सचा. पर्स तिच्या खांद्यालाच होती.

कॅन्सस सिटीचं मैदान त्यांनी पूर्वीच पाहिलेलं होतं, पण वाटेवर मैदान आहे आणि मर्ल न थांबता पुढे गेला, असं कधी झालेलं नाही. तिसऱ्या बेसच्या मागची जागा, दुपारचं ऊन, मर्लच्या कानात त्याच्या खिशातल्या रेडिओची वायर. मैदानात बसूनही रेडिओवर सामना ऐकणारे म्हातारे खूप असतात. पण मर्ल आजवर त्यांची टिंगल करायचा. या वर्षी त्याने स्वतःच रेडिओ आणला, समालोचकाचा आवाज आवडतो म्हणाला. आर्डिसने त्याला दोन टोमणे मारले आणि सोडून दिलं.

तिसऱ्या डावात फलंदाजाच्या बॅटची कड लागून चेंडू तिरका उडाला तो सरळ त्यांच्याच दिशेने आला. आर्डिसने डोकं गुडघ्यात घातलं. पुढचे, मागचे, सगळे वाकले. पुढच्या रांगेतल्या एका धिप्पाड माणसाने हात मागे टाकून आपल्या ग्लोव्हमध्ये तो पकडला, मर्लच्या नाकापासून फार तर हातभर अंतरावर. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मर्ल ताठ बसून समोर पाहत होता. त्याच्या पापण्यासुद्धा हलल्या नाहीत.

चेंडू पकडला गेल्यावर सात-आठ सेकंदांनी रेडिओवर ती बातमी आली असावी, कारण हल्ली रेडिओ मैदानाच्या तेवढा मागे असतो. मर्लने मान हलवली आणि आर्डिसकडे वळून कौतुकाने म्हणाला, "कोणाला तरी मिळाला बघ. इथेच कुठेतरी."

मग आर्डिसने सामना पाहिलाच नाही, त्याची पेन्सिल पाहिली. फलंदाज बाद होऊन निघून जायचा, दुसरा यायला लागायचा, आणि तेव्हा मर्लची पेन्सिल हलायची. दरवेळी तेवढाच उशीर. वही अचूक होती, एकही गोल नव्हता, आणि त्यातलं एकही अक्षर मर्लने पाहून लिहिलेलं नव्हतं. ज्या माणसाने पर्सपायी गोल काढला तो माणूस रेडिओवरून नक्कल करत होता. चेंडू दिसला नाही याहून हे तिला जास्त भीतीदायक वाटलं. त्याला सगळं माहीत होतं, आणि माहीत असून तो गाडी चालवत होता. परवा डेनव्हरहून निघताना त्या गाडीत मागे डेला आणि रूथी बसणार होत्या.

तिने तिथल्या तिथे बोलायला हवं होतं. मीही आर्डिसला नंतर तसं म्हटलं. पण बोलून पुढे काय, हा प्रश्न तिच्यासमोर आधी येऊन बसला. आर्डिस हायवेवर गाडी चालवत नाही. चर्च, किराणा, केस कापायचं दुकान, एवढंच. ट्रीना पोटात असताना एकदा मोठ्या ट्रकच्या वाऱ्याने तिची गाडी हेलपाटली, तेव्हापासून तिने ती वाट सोडली आणि मर्लने कुरकुर न करता सगळे मैल आपल्या अंगावर घेतले. त्याच्या हातातून चावी काढून घ्यायची आणि ठेवायची कुठे, हे तिला कळेना.

दुसऱ्या दिवशी कॅन्ससचा सरळसोट रस्ता. गव्हाची कापणी चालू होती आणि दोन्ही बाजूंना धूळ. आर्डिस सीटबेल्ट धरून बसली आणि तिला एकेक गोष्ट उमगत गेली. मर्ल एका दुधाच्या टँकरच्या मागे लागला होता, तो वळेल तिथे वळत होता. उजव्या कडेची पांढरी रेघ धरून चालत होता. आणि गेल्या दोन महिन्यांपासून त्याने नवीनच लाडीगोडी काढली होती: पाट्या मोठ्याने वाच ना, तुझा आवाज ऐकला की झोप येत नाही. पंचेचाळीस वर्षांत आर्डिसच्या आवाजाचं कौतुक झालेलं नव्हतं, म्हणून ती बिचारी खूश होऊन पाट्या वाचत होती. आता ती प्रत्येक पाटी लांबून दिसताच घाईने वाचत होती.

जेवणाला एका गावात थांबले. मर्लने मेन्यू उघडलाही नाही, नेहमीचं मीटलोफ सांगितलं. आर्डिसने धीर गोळा करून विचारलं, "काल चेंडू आला तेव्हा तू वाकला का नाहीस?"

"वाकायला मी काय कुकुलं बाळ आहे?"

"मर्ल, तो तुझ्या नाकाशी आला होता."

"एकतीस वर्षं बस चालवली मी. पाठीमागे साठ पोरं बोंबलत असायची. अशातशाने दचकत नाही मी." मग तो हसला, पण ते हसू बरोबर जमलं नाही. "आणि एवढीच काळजी असेल तर घे चावी. तू चालव. डेनव्हरला पोचू ना नाताळपर्यंत."

वेट्रेस हसली, आर्डिसही हसली, आणि विषय तिथेच मिटला. बरोबर जागी मारलं होतं त्याने. तिला तो घाव लागला आणि तो घाव मुद्दाम घातलाय हेही कळलं.

गावाबाहेर पडताना रेल्वेचे रूळ होते. शाळेच्या बसला प्रत्येक रुळापाशी थांबावं लागतं. ड्रायव्हर दार उघडतो, कान देतो, मगच पुढे जातो. मर्लची ती सवय घरच्या गाडीतही गेली नव्हती आणि त्यावरून त्याची आयुष्यभर चेष्टा झाली. आजही तो थांबला, काच खाली केली, इंजिनाच्या आवाजापलीकडचं ऐकलं. सगळं शांत होतं. समाधानाने काच वर करून तो निघाला आणि पुढच्या दोनशे पावलांवरची थांबण्याची लाल पाटी त्याने न थांबताच ओलांडली. आर्डिस धुळीपलीकडे रूळच पाहत राहिली होती, तिची पाटी वाचायची राहिली. पाटीला आवाज नसतो.

डावीकडून गव्हाचा ट्रक आला. हॉर्न एवढ्या जोरात वाजला की आर्डिसला तो छातीत ऐकू आला. मर्लने जुन्या सवयीने स्टिअरिंग उजवीकडे ओढलं, व्हॅन गवतात उतरली, वर आली आणि उभी राहिली. मागच्या सीटवर ट्रीनाने पोरींसाठी आधीच पाठवून ठेवलेल्या दोन उशा होत्या. त्यातली एक उडून पुढच्या काचेवर आदळली आणि मर्लच्या मांडीवर पडली. ट्रकवाला शिव्या देत निघून गेला.

"बेवकूफ," मर्ल म्हणाला. "कसे चालवतात."

आर्डिसने उशी उचलली. उशीच्या अभ्र्यावर रूथीचं नाव शिवलेलं होतं. ते तिने मर्लला मोठ्याने वाचून दाखवलं, पाट्या वाचत होती तसंच. पुढे डेनव्हरपर्यंत तो तासाला चाळीस मैलांच्या वर गेला नाही, आणि मागच्या गाड्यांनी हॉर्न वाजवून त्यांना सळो की पळो करून सोडलं. आर्डिस प्रत्येक पाटी वाचत होती, वळणं सांगत होती, दिवे सांगत होती. डेनव्हर आलं तेव्हा तिचा आवाज बसला होता.

संध्याकाळी हॉटेलवर ट्रीना आणि पोरी आल्या. पोरींनी आजोबांच्या गळ्यात उड्या मारल्या, तीस मैदानांचा नकाशा पलंगावर पसरला, सात ठिकाणी बोटं ठेवून नावं घोकली. ट्रीनाने आईला बाजूला घेऊन विचारलं, चेहरा असा का, बरं नाही का? आर्डिस म्हणाली, उन्हाने. खोटं बोलल्याबरोबर तिला स्वतःची चीड आली. नंतर बर्फ आणायला म्हणून ती मर्लला बाहेर मशीनपाशी घेऊन गेली आणि बसलेल्या आवाजात म्हणाली, "उद्या सामना संपायच्या आत ट्रीनाला तू सांग. नाहीतर मी सांगीन."

"काय सांगू?"

"तुला माहीत आहे."

मर्लने बादली बर्फाने भरली, काठोकाठ, थोडा बर्फ खाली सांडेपर्यंत. तो सांडलेला त्याला दिसला नाही. आर्डिसने पायाने कडेला सारला.

सामना दुपारी एकचा. डेनव्हरचं मैदान, यादीतलं चोविसावं. ज्या मैदानासाठी मर्ल वर्षभर बोलत होता तिथे तो एक शब्द न बोलता बसला. पोरींना लगेचच छोट्या प्लास्टिकच्या हेल्मेटमधलं आइस्क्रीम हवं झालं, ट्रीना त्यांना घेऊन गेली. रांग लांब होती. राष्ट्रगीत झालं, टोपी परत डोक्यावर घालताना मर्लने कानातली वायर काढली, खिशातला रेडिओ काढला आणि दोन्ही आर्डिसच्या मांडीवर ठेवलं. मग वही उघडून पेन्सिल घेतली.

पहिला फलंदाज आला आणि बाद झाला. मर्लने चौकटीत एक रिकामा गोल काढला. दुसरा आला, त्याने फटका मारला, लोक ओरडले. मर्लने गोल काढला. तिसरा, चौथा. आर्डिस त्या पेन्सिलीकडे पाहत राहिली. एकेक गोल तो नीट काढत होता, सुरुवात शेवटाला जोडून. दुसरा डाव झाला, तिसरा लागला. चाळीस वर्षांत अकरा गोल काढलेल्या माणसाने पाऊण तासात अठरा काढले, आणि प्रत्येक गोलाबरोबर आर्डिसला वाटत होतं की कोणीतरी आपल्याला भिंतीशी थोडं आणखी दाबतंय.

"बस कर," शेवटी ती म्हणाली.

"कॅन्सस सिटीचं पान फाडून टाक," मर्ल म्हणाला. "चोरीचं आहे ते."

"किती दिसतं तुला?"

"कडेचं दिसतं. मधे डाग आहे. जिकडे बघीन तिकडे डाग जातो." तो तिच्याकडे वळला. "तुझ्याकडे बघितलं की तुझे कान दिसतात आर्डिस. केस दिसतात. तोंड नाही दिसत."

कधीपासून, ते तिने विचारलं. गेल्या ऑगस्टपासून. मार्चमध्ये डोळ्यांच्या डॉक्टरने गाडी चालवू नका असं साफ सांगितलं होतं. ते मर्लने आपल्यापाशी ठेवलं, कारण सातच मैदानं उरली होती आणि पोरी फुल्या मारायला लागल्या होत्या. आर्डिसला त्याचा संताप आला, इतका की तिला त्याच्या पाठीत धपका घालावासा वाटला. तो संताप तिने गिळला नाही. मेलो असतो आपण, ती म्हणाली, आणि उद्या त्या पोरी मेल्या असत्या, आणि तू ती सन्मानपाटी भिंतीवर ठेवली असतीस. आजूबाजूचे दोघं-तिघं वळून पाहायला लागले.

"तो ट्रक मला दिसलाच नाही," मर्ल म्हणाला. "कडेनेसुद्धा नाही. एकतीस वर्षांत कोणाच्या पोराला खरचटू दिलं नाही मी, आणि घरच्या पोरींना घेऊन निघालो होतो." त्याने खिशातून चावी काढली, वहीच्या उघड्या पानावर ठेवली आणि वही तिच्याकडे सरकवली. गोलांवर ती चावी पडली होती. तिला शिवायला आर्डिसचा हात पुढे होईना.

त्याच वेळी ट्रीना पोरींना घेऊन परत आली. मर्लने रडका सूर न लावता चार वाक्यांत तिला सगळं सांगितलं. ट्रीनाला आधी ती थट्टा वाटली. मग तिने वही पाहिली. या वहीतल्या गोलाचा अर्थ तिला कोणी समजावायची गरज नव्हती, एक गोल तिच्याच उलटीचा होता. ती खाली बसली आणि म्हणाली, पोरी आज माझ्याबरोबर परत येतील. कोणी वाद घातला नाही. डेलाने आइस्क्रीमचं हेल्मेट आजोबांच्या हातात दिलं आणि विचारलं की मग उरलेल्या सहा मैदानांचं काय.

चौथा डाव सुरू झाला होता. आर्डिसने चावी उचलून पर्समध्ये टाकली आणि पेन्सिल हातात घेतली. "आता फलंदाज बाद झाला," ती म्हणाली. "तीन स्ट्राइक."

"शेजाऱ्याला विचारून लिहायचं नाही," मर्ल म्हणाला.

"तू कुठे लिहितोयस? मी लिहितेय. मी पाहिलंय."

मग मर्ल म्हणाला, "बॅट फिरवून बाद झाला की नुसता बघत उभा राहिला?"

"बघत उभा राहिला."

"मग 'के' उलटा काढ."

तीन स्ट्राइकने बाद झालेल्याची खूण इंग्रजी 'के', आणि बॅट न फिरवताच बाद झाला तर तोच उलटा. तिने उलटा के काढला, वाकडातिकडा. कॅन्सस सिटीपासून आपणही तेच केलं, बघत उभे राहिलो, असं तिला वाटलं. नवव्या डावापर्यंत तिने सगळ्या चौकटी भरल्या. त्यातल्या निम्म्या चुकीच्या होत्या हे मर्लला तिने केलेल्या वर्णनावरून कळत होतं, पण त्याने एकही खोडायला लावली नाही.

टॅक्सीने ट्रीना आणि पोरी विमानतळाकडे गेल्या. वाहनतळ बराचसा रिकामा झाल्यावर आर्डिस व्हॅनमध्ये ड्रायव्हरच्या सीटवर बसली. सीट पुढे घेतली, आरसे फिरवले, परत फिरवले. तिने मर्लला सांगून टाकलं की सिएटल तिच्याने होणार नाही. इंटरस्टेटचा मोठा हायवेही होणार नाही. जुन्या रस्त्याने, गावागावातून, जेवढे दिवस लागतील तेवढे लावून ती त्याला घरी नेईल, आणि वाटेत कोणी हॉर्न वाजवला तर वाजवू दे. मर्ल बरं म्हणाला. सहा मैदानं राहिली ती राहिलीच, हे दोघांनाही कळलं होतं. आर्डिसला त्याच्यासाठी रडू येत होतं, पण अ‍ॅक्सिलरेटरवर पाय असताना रडायची तिची हिंमत नव्हती.

शहराबाहेर पडताना रूळ आले. आर्डिस थांबली. घामाने तिचे तळवे स्टिअरिंगवरून सरकत होते. शेजारच्या सीटवर मर्लचा उजवा पाय, नसलेल्या ब्रेकवर, केव्हाचा दाबलेला होता. तिने काच खाली केली आणि दोघांनी ऐकलं. मागे एक गाडी येऊन उभी राहिली, तिने एकदा हॉर्न वाजवला, मग दुसऱ्यांदा जास्त वेळ. आर्डिसने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, पुन्हा डावीकडे पाहिलं.

"मला तर काही ऐकू येत नाही," मर्ल म्हणाला. "तुला दिसतंय का मोकळं?"

"दिसतंय."

"मग चल," तो म्हणाला, आणि तिने ब्रेकवरचा पाय काढला.